कोकणातला पाऊस आणि आबांची भट्टी

कोकणात पाऊस थांबला आहे, ही बातमी ऐकून बरं वाटलेला त्या साली मराठवाड्यात मी एकटाच असेन.

मी तेव्हा भोकरच्या एका शाळेत भूगोल शिकवायला नुकताच लागलो होतो. संध्याकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला जायचो, तिथे मालकाचा रेडिओ खरखरत असायचा. आमच्याकडे मृग, आर्द्रा कोरडे गेले होते. त्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. पण त्या दिवशी निवेदक सांगत होता की किनारपट्टीवरही पावसाने ओढ दिली आहे, भाताची रोपं वाफ्यातच पिवळी पडत आहेत, लावण्या खोळंबल्या आहेत. मग हवामानाचे कोणी जाणकार बोलायला बसले आणि एकेक कारण सांगू लागले. कमी दाबाचा पट्टा उत्तरेला, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला असावा. बंगालच्या उपसागरात नवी वादळं उठत नसावीत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात जोर नसावा. कुठल्या तरी लांबच्या महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं असावं.

“येक बी पक्कं सांगून न्हाई राहिला हा,” हॉटेलवाला म्हणाला आणि त्याने रेडिओ बंद केला.

मला मात्र तो माणूस आवडला. ज्याला जेवढं माहीत आहे, तेवढंच तो बोलत होता. मी चहा अर्धा ठेवून उठलो, कारण माझ्या गावात पाऊस न पडण्याचं कारण अगदी पक्कं ठरल्याचं कानावर आलं होतं. ते कारण म्हणजे माझे वडील.

आमचं गाव लातूर भागातल्या मुरुडपासून जवळ. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा गावकीची कामं टाकली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, कुणाच्या दारात भाकरीला उभं राहायचं नाही. मग करायचं काय? आबांनी विटांचा साचा हातात घेतला. पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. हापिसं, क्वार्टर, कॉलन्या उठायला लागल्या आणि विटेला दिवस आले. ज्या घरांच्या दारात आजोबा उभे राहायचे, त्या घरचे लोक भट्टीवर येऊन आबांना विचारू लागले, “काय रं, वीट हाय का?” ‘काय रं’ तसंच राहिलं होतं, पण आवाज खाली आला होता. आवाज खाली आणावा लागतो याचा राग माणसाच्या पोटात किती वर्षं टिकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लातूरच्या अर्ध्या कॉलन्यांत आबांची वीट गेली असेल, पण आमचं स्वतःचं घर मातीचं होतं, वर पत्रे. त्या उन्हाळ्यात आबा म्हणाले, “ह्या खेपेची वीट इकायची न्हाई. आपल्या घराला.” आईने आणि त्यांनी मिळून माती मळली, विटा पाडल्या, वाळवल्या, भट्टी रचली. जळण मात्र उशिरा मिळालं. वीटवाले मृगाच्या आधी आवरतात, कारण कच्ची वीट भिजली की पुन्हा माती. आबांनी भट्टीवर पाचट आणि ताडपत्री टाकली आणि रोज आभाळाकडे बघत बसले. मृग गेला. आर्द्रा गेल्या. थेंब नाही. शेवटी त्यांनी धीर करून भट्टी पेटवली.

एका संध्याकाळी पश्चिमेला एक ढग दिसला. आबा भट्टीजवळ उभं राहून त्याला म्हणाले, “थांब रं बाबा, येवढी भट्टी उतरू दे. मंग पड लागंल तेवढा.” बांधावरून जाणाऱ्या कुणीतरी हे ऐकलं. तेवढं पुरलं.

वीटवाले पाऊस बांधतात, हा आमच्याकडचा जुना समज. पावसाचं पाणी मडक्यात धरायचं, त्यात बेडूक सोडायचा, मडक्याचं तोंड फडक्याने बांधायचं आणि ते भट्टीखाली पुरायचं. जोवर मडकं बांधलेलं, तोवर आभाळ बांधलेलं. लहानपणी मी ही गोष्ट म्हणून ऐकली होती. पाऊस नव्हता म्हणून भट्टी पेटली, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. गावाने ते उलटं धरलं. भट्टी पेटली म्हणून पाऊस नाही.

गावाकडे निघालो तर नांदेडच्या स्टँडवर आमच्या भागातला एक कंडक्टर भेटला. त्याने सांगितलं, “मास्तर, रविवारी बैठक हाय. तुमची भट्टी इझवायची म्हणालेत.” अर्धवट भाजलेली भट्टी विझवली तर वीट ना कच्ची, ना पक्की. आबांचं घर तिथेच संपणार होतं.

मला वाटलं, हा प्रश्न माहितीचा आहे. लोकांना माहीत नाही, सांगितलं की कळेल. कोकणात, जिथे सालोसाल धो धो पडतो, तिथेच पाऊस नाही म्हटल्यावर मुरुडजवळच्या एका भट्टीवर आळ राहीलच कसा? लातूरपर्यंत एसटीत आणि पुढे जीपमध्ये मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो.

गावात उतरलो तो आधी सरांकडे गेलो. सर म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. सरांनी आबांना बोलावून सांगितलं होतं, पोरगं भट्टीवर घालू नका. लातूरच्या वसतिगृहात मला त्यांनीच नेऊन घातलं. मुलाखतीला मी त्यांचा सदरा घालून गेलो होतो. आणि भूगोल! फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढायचे, तपकिरी खडूने सह्याद्री, आणि मग हाताने वारा आणायचे. समुद्र न पाहिलेल्या आम्हा पोरांना वर्गात ओल जाणवायची.

“सर, कोकणातही पाऊस नाही.”

“ऐकलं मी. मान्सूनमध्ये खंड पडलाय. पट्टा वर सरकला असणार.”

“उद्या बैठकीत एवढंच सांगा, सर. तुमचं ऐकतील.”

“सांगू की. त्यात काय,” ते म्हणाले. “बस. चहा घे.”

मी हवेत तरंगतच भट्टीवर गेलो. आबा लिंबाखाली बसले होते. शेजारी पिण्याच्या पाण्याचा रांजण, गार राहावा म्हणून वाळूत अर्धा पुरलेला, राख पडू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलेलं. मी फडकं सोडून पाणी प्यालो, पुन्हा बांधलं आणि त्यांना बातमी सांगितली.

“कोकण म्हंजी किती लांब?” त्यांनी विचारलं.

“लांब. घाट उतरून, समुद्राच्या कडेला.”

“मंग तितला पाऊस मी कशाला बांधू? त्येंचं माझं काय वाकडं?”

“हितल्यांचं तरी काय वाकडं हुतं?” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीपुढे बैठक भरली. गाव पारावर, आम्ही खाली. हे कुणी सांगावं लागत नसे. सर पारावर सतरंजीवर बसले होते, सरपंचाच्या शेजारी.

“बोला मास्तर,” सरपंच म्हणाला. “भोकरात काय शिकीवता ते हितं बी शिकवा. आमी बी येकदा पास हुतो.”

हसले सगळे. मीही हसलो. काडी घेतली आणि धुळीत समुद्र काढला, किनारा काढला, सह्याद्रीची रेघ काढली. समुद्रावरून वारा येतो, डोंगराला धडकतो, वर चढतो, गार होतो, म्हणून कोकणात पाऊस. एवढा डोंगर, एवढा समुद्र असून आज तिथे कोरडं आहे. कारण ज्या पट्ट्याच्या ओढीने हा सगळा वारा येतो, तो पट्टाच हिमालयाच्या पायथ्याला गेलाय. तिकडे आता पडत असेल. पट्टा खाली आला की कोकणात पडेल, मग आपल्याकडे. कुणी म्हणतं उपसागरात वादळं नाहीत म्हणून, कुणी म्हणतं लांबचा समुद्र तापला म्हणून. यातलं नेमकं कुठलं, ते मोठमोठ्या जाणकारांनाही अजून सांगता येत नाही. पण जी गोष्ट हजार कोसांवर बिघडली आहे, ती आमच्या भट्टीने कशी बिघडेल?

क्षणभर मला वाटलं, जिंकलो.

पुढे बसलेले म्हातारे पाटील तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर केली. “कोकणात बी न्हाई म्हन्तूस?”

“नाही.”

“रेडूवर सांगितलं?”

“हो.”

“म्हंजी सरकारनं सांगितलं.”

“हो, तसंच.”

पाटलांनी तंबाखू तोंडात टाकली आणि गावाकडे वळले. “घ्या! आपल्याला वाटलं, ह्यानं शिवारापुरता बांधला. ह्यो तर पार समिंदरापस्तोर बांधून बसलाय!”

पारावर एकदम गलका झाला. “तरीच म्हनलं, येवढी मोठी भट्टी कामून लावली.” “घरची वीट म्हनं!” मागून एक जण ओरडला, “पोरगं शिकल्यालं हाय की. त्येनंच दावलं आसंल कुटून कसं बांदायचं. नकाशा पाठ हाय त्येला, बगा की, आत्ता काढून दावला!”

मी खाली बघितलं. धुळीतला माझा नकाशा माझ्याविरुद्धचा पुरावा झाला होता.

“सर,” मी म्हणालो. “तुम्ही सांगा.”

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. सगळे थांबले होते. खरोखर थांबले होते. ते बोलले असते तर ऐकलं असतं, असं मला आजही वाटतं.

“हे बघा,” सर म्हणाले, “विज्ञानाचं म्हणणं एक असतं, लोकभावना एक असते. आणि विज्ञान तरी पक्कं कुठं सांगतं? आत्ता ह्यानेच सांगितलं, जाणकारांनाही नेमकं माहीत नाही. तेव्हा एक भट्टी विझवून गावाच्या मनाला शांती मिळत असेल, तर समजुतीने घ्यावं. दोन्ही बाजूंनी.”

दोन्ही बाजूंनी. आबा हात जोडून उभे होते, ते तसेच राहिले. गावाचा मला राग आला होता, पण राग साधा असतो, तो भाकरीबरोबर गिळता येतो. हे वेगळं होतं. ज्या तोंडाने मला वारा शिकवला, त्याच तोंडातून, त्याच समजावणीच्या सुरात हे बाहेर आलं होतं. जेवणात केस निघावा तसं झालं. त्या ताटातलं आधी खाल्लेलंही वर यायला लागलं.

त्या दिवशी गावाला टँकर येणार होता. विहिरीपाशी बायका सकाळपासून घागरी मांडून बसलेल्या. टँकर आला तो सरपंचाने भट्टीकडे वळवला. बायका घागरी घेऊन मागे मागे पळत आल्या.

“आधी प्यायला तर घिऊ द्या!” एक म्हातारी ओरडत होती. “लेकरं तहानली हायत!”

“गप ए म्हातारे. पाऊस सुटला की हिरीच भरत्यात.”

लोक बादल्या घेऊन भट्टीवर चढायला लागले. आबा पहिल्यांदा पुढे झाले. मला वाटलं, आता अडवतील. ते म्हणाले, “वरून वतू नगा. वाफ तोंडावर येती, भाजंल. खालून, भोकाकडनं वता.”

“अजून राखायला लागलाय बगा भट्टी!” असं म्हणून एकाने वरूनच बादली उपडी केली. वाफेचा लोट उठला आणि तो हात धरून खाली कोसळला. कोपरापर्यंत कातडी लाल झाली होती. “करणी!” कुणीतरी म्हणालं. त्याला बाजूला बसवलं आणि बाकीचे खालून ओतायला लागले. आबांनी सांगितलं होतं तसंच.

तो आवाज आणि तो वास मी कधी विसरलो नाही. तापलेली वीट पाण्याने तडकते तेव्हा हाड मोडल्यासारखी वाजते. आतून एकामागून एक वाजत होत्या. ओल्या राखेचा उग्र भपकारा, आणि भट्टीच्या बुडातून वाहत आलेलं काळं पाणी, प्यायचं पाणी, बायकांच्या पायांपर्यंत आलेलं. आई एका बाजूला उभी होती. त्या म्हातारीने आपली रिकामी घागर आईच्या शेजारी आणून ठेवली आणि तीही तिथेच उभी राहिली.

टँकर संपला. आता भट्टीखालचं मडकं काढायचं होतं. पण जमीन एवढी तापलेली की खोरं लावता येईना. इकडे तिकडे शोधता शोधता कुणाचं तरी लक्ष लिंबाखाली गेलं.

“घावलं! घावलं!”

वाळूत पुरलेला रांजण, तोंड फडक्याने बांधलेलं. सगळे धावले, आणि रांजणाभोवती हातभर अंतर ठेवून थांबले. फोडायचा तर होता, पण आमच्या पाण्याला हात कोण लावणार? आत बांधलेला पाऊस असला, तरी रांजण आमचाच होता. मग त्यांनी आमच्याच विटा उचलल्या आणि लांबून मारल्या. दोन-तीन हुकल्या. एक लागली. पाणी वाळूत जिरलं. दोघे-तिघे खापऱ्यांत काठी घालून बेडूक शोधत होते.

“न्हाई दिसत.”

“पळाला आसंल.”

“हाव, निसटला. म्हंजी सुटला पाऊस.”

एवढ्या मोठ्या माणसांनी एकमेकांकडे बघून समाधानाने माना हलवल्या. सर लांब बांधावर छत्री घेऊन उभे होते, उन्हाची.

काही दिवसांनी पाऊस आला. आधी कोकणात आला, मग घाट चढून इकडे. रेडिओवर सांगितलं की पट्टा खाली सरकला. मी भोकरला वर्गात तेच शिकवत होतो आणि गावात काय बोलत असतील ते मला इथे ऐकू येत होतं.

सुट्टी मिळाली तशी गावी गेलो. आबा भट्टी उतरवत होते. दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटायच्या. खणखणीत वाजली तर एका बाजूला, बद्द वाजली तर दुसऱ्या. पहिल्या ढिगात फार थोड्या होत्या. मीही बसलो आपटायला. मध्येच आबांनी विचारलं, “सरास्नी समदं ठावं हुतं नव्हं?”

“हो.”

“सगळंच?”

“मला त्यांनीच शिकवलंय, आबा.”

त्यांनी पुढच्या दोन विटा उचलल्या.

दुपारी सर आले. बरोबर शाळेचा शिपाई आणि एक रिकामी बैलगाडी. सर विटांच्या मोठ्या ढिगाकडे बघून म्हणाले, “अरेरे, फार तडकल्या. बरं, मी काय म्हणतो, या नाहीतरी तुमच्या घराला लागणार नाहीत. शाळेच्या कुंपणाला दिल्या तर सत्कारणी लागतील. ह्याची शाळा आहे शेवटी.”

आबांनी हातातल्या विटा खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. “तुझी शाळा, तुझं सर. तू बोल.”

“सर,” मी म्हणालो, “ही पाऊस बांधलेल्या भट्टीतली वीट आहे. शाळेला कशी चालेल?”

सर मोकळेपणाने हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अरे वेड्या, ते त्यांच्यासाठी. आपण शिकलेली माणसं.”

आपण. शाळेत असताना, वसतिगृहात, मुलाखतीच्या रांगेत, या माणसाने एकदा तरी मला आपल्यातला म्हणावं म्हणून मी झिजलो होतो. त्याने म्हटलं ते असं. खांद्यावरच्या त्या हाताची मला शिसारी आली. झटकला नाही, पण सरकून बाजूला झालो.

“नाही सर. देत नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. “उपकार विसरलास की काय रे?”

“विसरलो नाही.”

खरंच विसरलो नव्हतो. अजूनही विसरलेलो नाही. त्यांनी शिकवलं म्हणून मी पोटापाण्याला लागलो, बहिणीला शिकवलं, हे लिहितो आहे तेही त्याच अक्षरांनी. ते वजा करता येत नाही आणि त्या दिवसाची किळसही वजा करता येत नाही. लोक म्हणतात, काळ गेला की एक दुसऱ्याला खाऊन टाकतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. दोन्ही आहेत.

रिकामी गाडी वाजत वाजत गेली. आबांनी खाली ठेवलेल्या विटा पुन्हा उचलल्या. मग म्हणाले, “शाळंला न्हाई म्हणू ने. पर त्येला न्हाई म्हनलास, ते बरं केलंस.”

तीन खोल्यांचं ठरलं होतं, त्या हिवाळ्यात एकच झाली. खणखणीत विटा चारही कोपऱ्यांना आणि दाराच्या बाजूंना लावल्या. तडकलेल्या मधे, मातीत दाबून, भेग आतल्या बाजूला करून. गवंडी घेतला नाही. आबा रचत होते, मी मातीचा गारा कालवून देत होतो, आई विटा हातात देत होती आणि देण्याआधी प्रत्येक वीट उलटी-पालटी करून बघत होती.

“आता काय बघतीस?” आबा म्हणाले. “हाय ती लावायची.”

“बघू तरी द्या,” आई म्हणाली. “इकायची न्हाई, आपली हाय.”